ॲनालॉग संकेतांचे विलगीकरण आणि रूपांतरण : एका भट्टीच्या निमित्ताने

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहावा, ही संपादक मंडळाची अपेक्षा रास्तच होती. तो विषय माझ्या सहकाऱ्यांनी माझ्याहून चांगला हाताळला आहे. मी मात्र गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात ऐकलेल्या एका हकिगतीच्या मागे लागलो आणि तिचा उलगडा व्हावा म्हणून काही महिने विजेची व उपकरणशास्त्राची पुस्तके वाचीत बसलो. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली कितीतरी मुले आय.टी.आय. किंवा पदविका करून कारखान्यांत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, ऑपरेटर म्हणून काम करीत आहेत. मुलगा 'कंपनीत आहे' एवढेच त्यांच्या आईवडिलांना ठाऊक असते. तो तेथे नेमके काय सांभाळतो, हे त्यांना थोडेफार कळावे आणि त्याच धंद्यातील माजी विद्यार्थ्यांनाही काही उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हा पाठ लिहिला आहे. ज्याने हकिगत सांगितली त्या विद्यार्थ्याने तांत्रिक मजकूर वाचून माझ्या दोन ठळक चुका दुरुस्त केल्या. त्याचे आणि कारखान्याचे नाव त्याच्याच इच्छेवरून येथे देत नाही.

हकिगत अशी. वाहनांच्या सुट्या भागांना कडकपणा देणारी एक विद्युत भट्टी होती. पोलादाचे भाग ८५० अंश सेल्सिअसला तापवायचे, ठरलेला वेळ तेथे धरायचे आणि मग तेलात बुडवायचे. तापमान कमी पडले तर भाग नरम निघतात आणि सगळा माल परत जातो. लागोपाठ तीन रात्रींचा माल असाच नरम निघाला. संगणकातील नोंद तपासली, तर तापमान रात्रभर ८५० वर स्थिर. यंत्र बरोबर असेल तर चूक माणसाची, असा निष्कर्ष निघायला वेळ लागला नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरने भट्टीचे दार मध्येच उघडले असणार किंवा माल वेळेआधी काढला असणार, असे ठरले. सातवीपर्यंत शिकलेला, पंचविसेक वर्षे भट्टीवर काढलेला तो गृहस्थ. त्याच्या हाती ठपक्याचे पत्र पडले आणि पगारातून कपात सुरू झाली. आपला विद्यार्थी तेव्हा तेथे नव्यानेच लागला होता. ऑपरेटरने त्याला आपली नोंदवही दाखवली. तासागणिक आकडे तर तीत होतेच, शिवाय शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत काही ओळीही होत्या. पहिल्या रात्रीचा शेरा होता : 'आकडा उडतो.'

आता त्या आकड्याचा प्रवास पाहू. भट्टीच्या आत थर्मोकपल असते. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवले, तर दुसऱ्या टोकांशी अल्पसे विभवांतर निर्माण होते. हा परिणाम थॉमस झेबेक याने १८२१ साली पाहिला. कारखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'के' प्रकारच्या थर्मोकपलमध्ये दर अंशाला साधारण ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. म्हणजे ८५० अंशांना सुमारे ३५ मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातील पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा चाळिसावा हिस्साही हा नव्हे. एवढ्याशा विजेच्या भरवशावर शेकडो किलो पोलादाचे भवितव्य ठरते. तापमान जसजसे चढते तसतसे हे विभवांतरही अखंडपणे चढत जाते, मध्ये पायऱ्या नसतात. अशा संतत बदलणाऱ्या संकेताला ॲनालॉग संकेत म्हणतात.

येथे जमिनीचा प्रश्न येतो. विजेच्या कामात 'अर्थ' म्हणजे जमीन, आणि जमिनीचे विभव शून्य धरायचे, असे आपण शाळेत शिकवतो. ते घरातील शॉक टाळण्यापुरते पुरेसे आहे. पण कारखान्याच्या एका कोपऱ्यातील जमीन आणि शंभर मीटरवरच्या पॅनेलची जमीन यांचे विभव तंतोतंत सारखे असतेच असे नाही. शेडचे लोखंडी खांब, पाइप, अर्थिंगच्या पट्ट्या यांतून कुठली ना कुठली धारा वाहत असते, आणि धारा वाहिली की ओहमच्या नियमाने विभवांतर आलेच. ते दोन मिलिव्होल्टचे असेल तर घरगुती हिशेबात ते नगण्य. थर्मोकपलच्या हिशेबात मात्र दोन मिलिव्होल्ट म्हणजे पन्नास अंश!

त्या भट्टीतील थर्मोकपलची जोडगाठ बाहेरील धातूच्या नळीला आतून वेल्ड केलेली होती. अशी रचना मुद्दाम करतात, कारण त्यामुळे उष्णता गाठीपर्यंत लवकर पोहोचते. पण नळी भट्टीच्या सांगाड्याला लागलेली आणि सांगाडा जमिनीला. इकडे पॅनेलमधील पी.एल.सी.च्या कार्डाचे सामाईक ऋण टोकही पॅनेलच्या जमिनीला जोडलेले. म्हणजे थर्मोकपलची ऋण तार दोन जमिनींना दोन टोकांनी बांधली गेली. त्या दोन जमिनींमध्ये जे काही विभवांतर असेल ते सगळे त्या तारेवर पडणार आणि कार्ड ते थर्मोकपलच्या विजेत मिळवूनच वाचणार. कार्डाला दोन्हींतला फरक कळण्याचा काही मार्ग नाही. या दोषाला कारखान्यात 'ग्राउंड लूप' म्हणतात. परिपथ एकाच ठिकाणी जमिनीला लागला तर बहुधा काही बिघडत नाही. दुसऱ्या ठिकाणी लागला की वर्तुळ पुरे होते.

त्या दिवसांत शेजारी नव्या शेडचे काम चालू होते आणि दिवसा माल हलवावा लागत असल्यामुळे वेल्डिंग रात्री होई. वेल्डरने परतीची क्लॅम्प कामाजवळ न लावता हाताशी आलेल्या एका खांबाला लावली होती. डी.सी. वेल्डिंगची शंभर अँपिअरची धारा शेडच्या लोखंडातून वाट काढीत परतत होती. वाटेत ओहमचा पन्नास हजारावा भाग एवढा रोध असला तरी दोन मिलिव्होल्ट तयार होतात. आर्क पेटला की आकडा पन्नास अंशांनी वर, विझला की पुन्हा खाली. ऑपरेटरने पहिल्या रात्री लिहिलेले हेच.

यानंतर जे घडले ते मला सर्वांत उद्बोधक वाटते. ऑपरेटरने आकडा उडण्याची तक्रार केली होती आणि तिची दखलही घेतली गेली होती. कोणीतरी कार्डाच्या फिल्टरचा कालावधी वाढवला. फिल्टर म्हणजे वाचलेल्या आकड्यांची सरासरी काढीत जाण्याची सोय. पडद्यावरचा आकडा शांत झाला. पण उड्या एकाच दिशेच्या, वरच्या, असल्यामुळे सरासरीही खऱ्या तापमानाच्या वरच राहिली. कंट्रोलर आपल्या परीने चोख काम करीत होता. दाखवलेला आकडा ८५० च्या वर जाऊ लागला की तो हीटर कमी करी. अशा रीतीने भट्टी आतून थंडावत गेली आणि पडदा ८५० दाखवीत राहिला. संगणकात साठवलेली नोंदही अर्थातच ८५० ची. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे जुनी ओळख पटली. ज्या साधनात दोष आहे त्याच साधनाने लिहिलेली नोंद त्या दोषाविरुद्ध पुरावा देत नसते. दुसरा, स्वतंत्र साक्षीदार शोधावा लागतो.

आपल्या विद्यार्थ्याने तो शोधला. नोंदवहीतील वेळा आणि ठेकेदाराला दिलेल्या वेल्डिंगच्या परमिटांवरील वेळा त्याने समोरासमोर मांडल्या. त्या जुळल्या. मग एका सुटीच्या दिवशी भट्टीचा सांगाडा आणि पॅनेलचे अर्थिंग यांच्यामध्ये मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून त्याने वेल्डरला आर्क पेटवायला सांगितले. काटा हलला. बाकीचे काम नंतर दुरुस्तीचे होते.

दुरुस्ती म्हणजेच विलगीकरण. अपेक्षा विचित्र वाटावी अशी आहे : भट्टीकडील परिपथ आणि पॅनेलकडील परिपथ यांचा विजेचा संबंध पूर्ण तोडायचा, आणि तरीही तापमानाची बातमी इकडून तिकडे जाऊ द्यायची. याला तंत्रज्ञ गॅल्व्हॅनिक विलगीकरण म्हणतात. हा शब्द बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी या शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून आला. बेडकाच्या पायाला धातूंचा स्पर्श होताच तो आखडतो, या त्याच्या निरीक्षणावरील ग्रंथ १७९१ साली प्रसिद्ध झाला. वीज बेडकात आहे असे तो मानी. वीज दोन भिन्न धातूंच्या संपर्कातून येते, असे व्होल्टाने म्हटले आणि १८०० साली विद्युतघट बनवून दाखवला. तारेला तार भिडून जी सलग धारा वाहते तिला गॅल्व्हानीचे नाव मिळाले, म्हणून ती तोडण्यालाही.

तोडलेल्या परिपथातून बातमी पोहोचवण्याची वाट मायकेल फॅराडेने दाखवली. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना दोन वेटोळी गुंडाळली. त्यांची एकमेकांशी गाठ नव्हती. एकाला विद्युतघट जोडला त्या क्षणी दुसऱ्याशी जोडलेली सुई हलली आणि परत जागेवर आली, घट काढला तेव्हा पुन्हा हलली. धारा स्थिर असेपर्यंत काहीच होत नव्हते. आजच्या ट्रान्सफॉर्मर जातीच्या आयसोलेटरमध्ये हेच कडे बोटाच्या पेराएवढे होऊन बसलेले असते. पण ट्रान्सफॉर्मर केवळ बदल ओलांडू देतो आणि भट्टीचा संकेत तर जवळजवळ स्थिर असतो. म्हणून आयसोलेटरमध्ये आधी त्या संकेताचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करतात, ते तुकडे कड्यापलीकडे पाठवतात आणि पलीकडे पुन्हा जोडून मूळचा संथ संकेत उभा करतात.

दुसरी वाट प्रकाशाची. ऑप्टोकपलर नावाच्या लहानशा चिपमध्ये एका बाजूला एल.ई.डी. असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश पडला की वाहू लागणारा ट्रान्झिस्टर. मधे फक्त पारदर्शक विसंवाहक. एल.ई.डी. काळानुसार मंद होत जातो, म्हणून त्याच्या उजेडाच्या तीव्रतेवर थेट भरवसा ठेवीत नाहीत. संकेताचे आधी अंकांत रूपांतर करून 'पेटला की विझला' एवढीच बातमी उजेडातून धाडतात. तिसरी वाट सूक्ष्म धारित्रांची आहे, तिचे तत्त्व पहिल्या दोन वाटांवरून लक्षात यावे. एक गोष्ट मात्र धंद्यातील मंडळींनी ध्यानात ठेवावी. आयसोलेटरवर छापलेला दीड-दोन हजार व्होल्टचा आकडा बहुधा मिनिटभराच्या चाचणीचा असतो. रोज, कायम सहन होणारे व्होल्टेज त्याहून पुष्कळ कमी असते आणि ते माहितीपत्रकात वेगळे शोधावे लागते. शिवाय इनपुट, आउटपुट आणि वीजपुरवठा हे तिन्ही एकमेकांपासून तोडलेले आहेत की नाहीत, हेही पाहावे. पुरवठ्याचे ऋण टोक आउटपुटला आतून जोडलेले असेल आणि एकाच पुरवठ्यावर दहा आयसोलेटर चालत असतील, तर पुढच्या दाराने हाकललेला ग्राउंड लूप मागच्या दाराने आत येतो.

त्या भट्टीसाठी नुसता आयसोलेटर न घेता तापमानाचे रूपांतर करणारा विलग ट्रान्समीटर भट्टीजवळच्या पेटीत बसवला. तो तीन कामे करतो. पहिले काम गार टोकाच्या भरपाईचे. थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांतील तापमानाचा फरक मोजते. मे महिन्यात पेटीच आतून चाळिसाच्या वर तापलेली असेल, तर तेवढी वीज कमी मिळते. म्हणून ट्रान्समीटर स्वतःच्या टर्मिनलचे तापमान वेगळे मोजून त्यात भर घालतो. दुसरे काम विलगीकरणाचे. तिसरे काम मिलिव्होल्टचे ४ ते २० मिलिअँपिअर धारेत रूपांतर करण्याचे.

हे '४ ते २०' म्हणजे कारखान्यांची जणू बोलीभाषाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. विजेच्या आधी नियंत्रणाचे संकेत हवेच्या दाबाने नळ्यांतून जात आणि तो दाब ३ ते १५ पौंड प्रति चौरस इंच असा ठरलेला होता. शून्यापासून सुरुवात न करता तीनपासून का? शून्य दाब म्हणजे टाकी रिकामी की नळी फुटली, हे कळावे म्हणून. विजेचा काळ आला तेव्हा एकास पाच हेच प्रमाण राहिले. चार मिलिअँपिअर म्हणजे मापाचा तळ, वीस म्हणजे माथा, आणि शून्य म्हणजे तार तुटली. आजचे बरेचसे ट्रान्समीटर स्वतःतच बिघाड झाला तर मुद्दाम ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर धारा नेऊन तसे कळवतात. न मिळालेले उत्तर आणि 'काही नाही' हे उत्तर यांत भेद करणारी ही सोय मला परीक्षेच्या हजेरीपटासारखी वाटते. शून्य गुण आणि गैरहजर यांच्या खुणा आपण वेगळ्या ठेवतोच की.

विभवांतराऐवजी धारा का, याचे कारण सोपे आहे. एकसर परिपथात धारा सगळीकडे तीच असते. शंभर मीटर तारेच्या रोधाने विभवांतर वाटेत घटेल, धारा घटणार नाही. पॅनेलमध्ये ती २५० ओहमच्या रोधातून नेली की पुन्हा १ ते ५ व्होल्ट मिळतात. शून्य ते १२०० अंशांचे माप धरले तर ८५० अंशांना १५.३३ मिलिअँपिअर, म्हणजे ३.८३ व्होल्ट. दोन मिलिव्होल्टचा उपद्रव आता त्या ३.८३ व्होल्टांपुढे काहीच नाही. मात्र व्होल्टचा हिशेब येथेही ठेवावा लागतो. पुरवठा चोवीस व्होल्टचा असतो. वीस मिलिअँपिअरला २५० ओहमवर पाच व्होल्ट जातात, तारेत एखादा जातो, ट्रान्समीटरला स्वतःसाठी दहा-बारा लागतात. याच लूपवर चालणारा आयसोलेटर आणि एखादा दर्शक मधे घातला तर पुरवठा अपुरा पडतो. मग खालची मापे बरोबर दिसतात आणि वरच्या टोकाला आकडा अडकून बसतो. नवशिके अशा वेळी ट्रान्समीटर बदलतात.

शेवटी संकेताचा अंक होतो. संतत चढण पायऱ्यांत मोडायची, हे काम कार्डातील कन्व्हर्टर करतो. त्याची एक रीत बाजारातील तराजूसारखी आहे. एका पारड्यात संकेत ठेवला. दुसऱ्यात आधी अर्धे वजन टाकून पाहायचे, जड झाले तर काढायचे, हलके असेल तर राहू द्यायचे, मग पाव, मग अर्धपाव, असे बारा वेळा. बारा वजनांत ४०९६ पायऱ्या होतात. १२०० अंशांच्या मापात एक पायरी सुमारे ०.२९ अंशाची. दुसरी रीत संथ आहे, पण गोंगाटाच्या जागी अधिक उपयोगी. तीत संकेत ठरावीक वेळ साठवत जातात आणि तो वेळ मुद्दाम २० मिलिसेकंद ठेवतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचे एक आवर्तन तेवढ्याच वेळात पुरे होते. त्यामुळे तारांत शिरलेली तिची गुणगुण वर जेवढी जाते तेवढीच खाली येऊन शून्य होते. डी.सी. वेल्डिंगला मात्र हा उपाय चालत नाही, कारण ते एकाच बाजूला ढकलते. सोळा बिटांचे महाग कार्ड घेतल्यानेही काही साधले नसते. तेच चुकीचे तापमान अधिक दशांशांपर्यंत वाचता आले असते, इतकेच.

आयसोलेटर हा सर्व रोगांवरचा काढा नाही, हे त्या विद्यार्थ्याने मला दोनदा बजावले. थर्मोकपलपासून पेटीपर्यंतची तार त्याच जातीच्या धातूंची नसेल किंवा उलट जोडली असेल, तर आयसोलेटर ती चूक इमानाने पुढे पाठवतो. संकेताच्या तारेवरील शिल्ड एकाच टोकाला जमिनीला जोडावी. दोन्हीकडे जोडली की तीच नवा लूप बनते. मोटारीच्या केबलशेजारून संकेताची तार नेऊ नये, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. आकडा उडतो अशी तक्रार आली तर फिल्टरला हात लावण्याआधी, तो कोणत्या वेळी उडतो हे तक्रार करणाऱ्याला विचारावे.

ट्रान्समीटर बसवल्यावर आणि वेल्डरची क्लॅम्प कामाजवळ आणल्यावर तो दोष पुन्हा दिसला नाही. ऑपरेटरची कपात पुढच्या पगारात परत मिळाली. ठपक्याचे पत्र मागे घेतल्याचा कागद मिळायला आणखी चार महिने गेले. तो मिळेपर्यंत त्यांनी दर आठवड्याला कार्यालयात जाऊन विचारणे सोडले नाही. नोंदवहीच्या पानांच्या झेरॉक्स प्रती त्यांनी जपून ठेवल्या असून त्यांतील एक विद्यार्थ्याने मला आणून दिली. तिसऱ्या रात्रीचे ते पान आहे. अडीच वाजताच्या ओळीत तापमानाच्या रकान्यात ८५० लिहिले आहे आणि त्यापुढे शेऱ्यात : 'रंग ८५० चा नाही.'